परदेशातून रिमोट काम करायचंय? आधी दोन घड्याळं जुळवा

दारव्हा, वरुड, हिंगणघाट, मेहकर अशा तालुक्यांत आज कितीतरी पोरं-पोरी आहेत, ज्यांचं ऑफिस पुण्यात, लंडनला किंवा न्यूयॉर्कला आहे आणि टेबल-खुर्ची गावातल्या घरात. लॅपटॉपवरच काम करायचं तर वर्षातले चार-सहा महिने दुसऱ्या देशात राहून का करू नये, हा विचार त्यांच्या मनात येतो आणि तो चांगलाच आहे. अडचण होते ती सुरुवातीत. बहुतेक जण देशाच्या नावापासून निघतात: बाली, दुबई, पोर्तुगाल. मग व्हिसा, भाडं, तिकीट बघतात आणि कामाच्या वेळेचा हिशेब सगळ्यात शेवटी करतात. हा क्रम उलटा करा. भाडं पटलं नाही तर घर बदलता येतं. वेळ पटली नाही तर झोप जाते, आणि झोपेमागून काम.

गावाकडच्या माणसाला तर दोन घड्याळं जुळवावी लागतात, एक ऑफिसचं आणि दुसरं घरचं. आई-बाबा गावात, शेत त्यांच्याच भरवशावर, आणि बँक, महावितरण, तहसील यांची कामं तुमच्या फोनवर चालणारी. देश निवडताना ही दोन्ही घड्याळं समोर ठेवली की यादी आपोआप छोटी होते.

पहिली पायरी: न हलणारे तास कागदावर मांडा

तुमच्या कामाचे आठ-नऊ तास सगळेच काही बांधलेले नसतात. रोजची मीटिंग, क्लायंटचा कॉल, सपोर्टची शिफ्ट, म्हणजे ज्या वेळी दुसरं कोणीतरी तुमची वाट बघत असतं, तेवढेच तास न हलणारे. ते लिहा आणि प्रत्येकापुढे तो कुठल्या शहराच्या घड्याळाला बांधला आहे तेही लिहा. बाकीचे तास सकाळी करा की संध्याकाळी, फारसं बिघडत नाही.

आता हिशेब. भारताची वेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे आणि ती वर्षभर बदलत नाही. श्रीलंकेची वेळ अगदी आपलीच. नेपाळ १५ मिनिटं पुढे, भूतान अर्धा तास पुढे. पूर्वेला थायलंड आणि व्हिएतनाम दीड तास पुढे. मलेशिया, सिंगापूर आणि बाली अडीच तास पुढे. जपान साडेतीन तास पुढे. पश्चिमेला दुबई, ओमान, मॉरिशस आणि जॉर्जिया दीड तास मागे, दोहा अडीच तास मागे. युरोपातले बहुतेक देश त्याहून मागे, आणि तिथली वेळ वर्षातून दोनदा हलते.

ऑफिस पुण्याचं किंवा बंगळुरूचं असेल आणि वेळ १० ते ७ असेल, तर बँकॉकमध्ये तुमचा दिवस साडेअकराला सुरू होऊन रात्री साडेआठला संपेल. दुबईत किंवा मॉरिशसमध्ये तोच दिवस सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच. बालीत साडेबारा ते रात्री साडेनऊ. तिन्ही जमण्यासारखे आहेत. फरक तुमच्या स्वभावाचा. पहाटे उठणाऱ्याला, ज्याला काम सुरू व्हायच्या आधी फिरणं, अभ्यास, स्वयंपाक उरकायचा असतो, त्याला पूर्वेकडचे देश मानवतात. संध्याकाळ मोकळी हवी असेल तर पश्चिम. एक बारकावा मलेशियाबद्दल: तिथलं घड्याळ सूर्याच्या पुढे धावतं. क्वालालंपूर, पेनांगला उजाडायलाच सात-सव्वासात होतात. गावात पाचला उठून अंगण झाडणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला पहिले काही दिवस ते अंधारं सकाळपण जड जातं.

क्लायंट लंडनचा असेल तर त्यांचे ९ ते ५ भारतात हिवाळ्यात दुपारी अडीच ते रात्री साडेदहा आणि उन्हाळ्यात दीड ते साडेनऊ होतात. मॉरिशसमध्ये किंवा जॉर्जियातल्या तिबिलिसीत ते हिवाळ्यात दुपारी एक ते रात्री नऊ, उन्हाळ्यात बारा ते आठ. बँकॉकला मात्र हिवाळ्यात दुपारी चार ते मध्यरात्र. म्हणून युरोपचा क्लायंट असणाऱ्याने थायलंडचे फोटो बघून भुलू नये. पश्चिमेकडेच सरकावं.

अमेरिकेचा क्लायंट ही खरी परीक्षा. न्यूयॉर्कचे ९ ते ५ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेतीन. बँकॉकला गेलात तर रात्री नऊ ते पहाटे पाच. दुबईत संध्याकाळी सहा ते रात्री दोन, थोडंसं बरं. लिस्बनला दुपारी दोन ते रात्री दहा, माणसासारखं. पूर्ण अमेरिकी शिफ्ट असेल तर आशियातला कुठलाही देश तुमची झोप परत देणार नाही. अशा वेळी एकतर युरोपचा खर्च पेलेल अशी तयारी करा, नाहीतर आधी क्लायंटशी बोलून न हलणारे तास तीन-चारवर आणा आणि मगच देश शोधा.

युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेत हेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. मधले काही आठवडे लिस्बन आणि न्यूयॉर्क यांच्यातलं अंतर पाच तासांऐवजी चार होतं आणि मीटिंगा चुकतात. कॅलेंडरमध्ये मीटिंग नेहमी क्लायंटच्या शहराच्या वेळेत टाका, म्हणजे हा गोंधळ टळतो.

दुसरी पायरी: घरचं घड्याळ

गावातल्या घराची वेळ ठरलेली असते. सकाळी सातच्या आत बाबा शेतात. दुपारी उन्हात कोणी फोन उचलत नाही. गुरांचं आटोपून, जेवणं होऊन घर रात्री आठच्या सुमारास मोकळं होतं. "काऊन रे बाप्पा, तिकडे आता किती वाजले? जेवला का?" हा फोन त्याच वेळी येणार. भारतातले रात्रीचे आठ म्हणजे दुबई-मॉरिशसमध्ये साडेसहा, बँकॉकला साडेनऊ, बालीत साडेदहा, लिस्बनला ऋतूप्रमाणे दुपारचे अडीच किंवा साडेतीन. पुण्याच्या वेळेत काम करणाऱ्याला बँकॉकहून हा फोन काम संपल्यावर तासाभराने निवांत करता येतो. मॉरिशसहून लंडनचं काम करणाऱ्याला तो कामाच्या ऐन मध्यात येतो, म्हणून साडेसहाची जेवणाची सुट्टी टीमला आधीच सांगून ठेवावी.

रब्बीत कृषिपंपाला रात्रीची लाईन असली की बाबा मोटर सुरू करायला रात्री-बेरात्री शेतात जातात. घरात तुमच्याशिवाय कोणी तरणंताठं नसेल तर त्या काळात तुमचा फोन लागणं ही गरज आहे. इथे दुबईची एक गोष्ट माहीत असू द्या: संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून संदेश जातात, पण व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल बंद आहेत. झूम, टीम्स, गुगल मीट चालतात. म्हणजे निघण्याआधी आईच्या फोनवर गुगल मीट टाकून, लिंकवर बोट ठेवून कॉल कसा घ्यायचा ते चार-पाच वेळा करून घ्यावं लागेल.

याच घड्याळाचा दुसरा काटा म्हणजे परतीचे तास. रात्री घरून फोन आला तर किती तासांत गावात पोचता येईल, हे प्रत्येक देशासमोर लिहा. दुबईशेजारचं शारजा आणि दोहा यांना नागपूरहून थेट विमानं गेली कित्येक वर्षं आहेत. तुमच्या तारखांना ती कोणत्या वारी आहेत ते बघून घ्या. मॉरिशसहून मुंबईला थेट विमानाने सहाएक तास. बँकॉकहून मुंबई, दिल्ली किंवा कोलकाता आणि मग नागपूर. वाशीम, बुलढाण्याकडच्या लोकांना मुंबईहून नागपूरच्या विमानाची वाट बघण्यापेक्षा रस्ता सोपा पडू शकतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे आणि मेहकर, कारंजा भाग त्याच्या काठावरच आहे.

तिसरी पायरी: व्हिसा, आणि इथे घाई नको

पर्यटक व्हिसावर जाऊन लॅपटॉप उघडायचा, कोणाला काय कळतंय, असा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. पर्यटनासाठी दिलेल्या प्रवेशावर काम करणं बहुतेक देशांच्या नियमात बसत नाही, आणि विमानतळावर प्रश्न विचारला तर खोटं बोलण्याची वेळ तुमच्यावर येते. रिमोट कामासाठीच काढलेले व्हिसे आता आहेत. त्यांचे आकडे बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघा.

थायलंडचा डेस्टिनेशन थायलंड व्हिसा जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. पाच वर्षं चालतो, एका वेळी १८० दिवस राहता येतं. वय २० पूर्ण हवं आणि खात्यात ५ लाख बाट, म्हणजे साधारण १२ ते १४ लाख रुपये, दाखवावे लागतात. अर्ज थायलंडच्या बाहेरूनच करायचा. पुण्या-मुंबईच्या कंपनीत काम करणाऱ्यासाठी मला हा सगळ्यात सोयीचा वाटतो, फक्त बँकेतली रक्कम उभी करता आली पाहिजे.

मलेशियाच्या डीई रांताऊ पासला साठवलेल्या पैशापेक्षा कमाई महत्त्वाची. आयटी क्षेत्रातल्या माणसाची वर्षाची कमाई २४,००० डॉलर, म्हणजे २० लाख रुपयांच्या वर हवी. इतर क्षेत्रांसाठी ती थेट ६०,००० डॉलर आहे. पास ३ ते १२ महिन्यांचा, पुढे वाढवता येतो. पेनांगच्या जॉर्जटाऊनमध्ये तमिळ लोकांची जुनी वस्ती असल्याने शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत.

मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा वर्षभराचा, अट महिन्याला १,५०० डॉलरच्या कमाईची, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या थोडं वर. यादीतल्या देशांत ही अट सगळ्यात आवाक्यातली. शिवाय मराठी माणसाला तिथे परकं वाटत नाही: एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आहेत, शाळेत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

दुबईच्या वर्षभराच्या रिमोट व्हिसाला महिन्याला ३,५०० डॉलर, म्हणजे तीन लाखांच्या आसपास पगार लागतो, आणि घरभाडं त्याला साजेसंच. बालीसाठीच्या ई-३३जी व्हिसाची अट वर्षाला ६०,००० डॉलरची. जपानचा २०२४ मधला डिजिटल नोमॅड (फिरत फिरत लॅपटॉपवर काम करणाऱ्यांचा) व्हिसा ठरावीक देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्या यादीत भारत नाही. त्यावर वेळ घालवू नका. पोर्तुगालला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट, स्पेनला दुप्पट कमाई दाखवावी लागते, आणि कागदपत्रांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, करून घेण्याची धावपळ वेगळी.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागतच नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र ठेवा, आधार तिथे चालत नाही. भूतानलाही व्हिसा नाही, पण परमिट लागतं आणि भारतीयांना प्रत्येक रात्रीचं १,२०० रुपये शुल्क आहे. महिन्याचे ३६,००० रुपये नुसते त्यात जातात, म्हणून लांब मुक्कामासाठी तो देश यादीतून काढायला हरकत नाही.

चौथी पायरी: गावाची कागदपत्रं

आपल्याकडचे अर्ज अडतात ते बहुधा इथेच. गावाच्या नावापुढचं बुद्रुक-खुर्द आधारवर एका प्रकारे, पासपोर्टवर दुसऱ्या आणि बँकेच्या पासबुकात तिसऱ्या प्रकारे छापलेलं असतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव आहे, पॅनवर नाही. मुलींच्या बाबतीत लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव. दहावीची गुणपत्रिका, पॅन, आधार, पासपोर्ट आणि बँक खातं हे पाच कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. दुरुस्तीला महिने लागतात, तेव्हा देश ठरायच्या आधीच हे सुरू करा. पासपोर्टचं प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे, आणि अनेक जिल्ह्यांच्या मुख्य पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्रं झाली आहेत. पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्रही पासपोर्ट सेवेतूनच मिळतं.

पैशाचा पुरावा हा दुसरा अडथळा. घरातली बचत वडिलांच्या नावावर असते. व्हिसासाठी ती अर्जदाराच्या खात्यात आणि काही महिने स्थिर दिसावी लागते. संत्र्याच्या बागेचे किंवा कापसाचे पैसे एकदम तुमच्या खात्यात टाकले तर ते कुठून आले असा प्रश्न येतो. बाजार समितीची किंवा व्यापाऱ्याची पावती, सातबारा आणि हे पैसे भेट दिल्याचं वडिलांचं पत्र जवळ ठेवा. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि फॉर्म १६ असतील तर अर्ज भक्कम होतो. फ्रीलान्स काम करणाऱ्यांनी शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून विवरणपत्रच भरायचं नाही, ही सवय आजच मोडावी.

पाचवी पायरी: कंपनी आणि कर

कंपनीची परवानगी लेखी घ्या: कुठल्या देशातून, कोणत्या तारखेपासून कुठपर्यंत. व्यवस्थापकाचा फोनवरचा होकार पुरत नाही. तुमच्या तिथे राहण्याने कंपनीवर त्या देशात कर किंवा डेटा सुरक्षेची जबाबदारी येऊ शकते, म्हणून एचआर आणि आयटी दोघांनाही कळलेलं असावं.

कराचा साधा नियम असा की आर्थिक वर्षात भारतात १८२ किंवा जास्त दिवस राहिलात तर तुम्ही इथले निवासी, आणि जगभरच्या कमाईचा हिशेब इथे द्यायचा. तिकडेही दिवसांची मोजणी चालूच असते. थायलंडमध्ये कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले की तुम्ही तिथले करनिवासी होता, आणि १ जानेवारी २०२४ पासून अशा माणसाने बाहेरची कमाई तिथे आणली तर तिच्यावर कर लागू शकतो. मलेशियात ही सीमा १८२ दिवसांची. म्हणून मुक्काम पाच महिन्यांच्या आत ठेवणं पहिल्या खेपेला शहाणपणाचं. त्याहून लांब जायचं असेल तर दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराची माहिती असलेला सीए आधी गाठा.

कोणत्या महिन्यांत?

शेतीचा विचार केला तर ऑक्टोबर ते जानेवारी घर सोडू नये. सोयाबीन काढणी, कापूस वेचणी, तुरी, सगळं एकामागोमाग येतं. जूनच्या पेरणीआधी परत यायचं. उरतात फेब्रुवारी ते मे. नेमक्या त्याच काळात अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे जायला मनही होतं. पण चियांग माईला फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर कोंडलेला असतो. दम्याचा त्रास असेल तर तिकडे फिरकूच नका, थायलंडच्या दक्षिणेला राहा. काठमांडूची हवाही मार्च-एप्रिलमध्ये खराब असते. मॉरिशसला नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम, मे उत्तम. तिबिलिसीचे एप्रिल-मे सुंदर. दुबई मार्चपर्यंत छान, मे महिन्यात आपल्याइतकीच तापते.

निघताना

भारतीय सिम बंद पडू देऊ नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी सुरू करून तपासा. यूपीआय श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये १२ फेब्रुवारी २०२४ पासून चालतं, पण सगळ्या दुकानांत नाही, तेव्हा फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड, हवंच. दुचाकी चालवायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

आईने भरलेला डबा उघडून बघा. सावजी किंवा काळ्या मसाल्यात बहुतेक वेळा खसखस असते, आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. त्यासाठी लोकांना तुरुंगवास झाला आहे. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच. मसाला दुबईला नेऊच नका.

ज्यांना अजून काम मिळालेलं नाही त्यांच्यासाठी कळकळीने सांगतो: "थायलंडला डेटा एंट्रीचं काम आहे, तिकीट आम्ही देतो" म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. अशा जाहिरातींना भुलून गेलेल्या भारतीय तरुणांना बँकॉकहून सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावडी भागात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून त्याबद्दल वारंवार सावध केलं आहे. रिमोट काम आधी गावात बसून मिळवा, चालवून दाखवा, मग देश.

पहिली खेप जवळची करा. दोन-तीन आठवडे पोखराला किंवा कोलंबोला राहून बघा. तिथे वेळ जवळपास आपलीच, त्यामुळे भाड्याचं घर, इंटरनेट, एकट्याचा स्वयंपाक आणि काम यांचा मेळ बसतो का एवढंच तपासता येतं. घर घेताना मालकाकडून त्याच खोलीतल्या वायफायचा स्पीड टेस्ट मागा, आणि त्यात अपलोडचा आकडा बघा, कारण व्हिडिओ कॉल तिथे अडतो. मोठ्या मुक्कामालाही सुरुवातीला एका महिन्याचंच घर घ्या आणि परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं काढा.